साठच्या पुढची थरथर

सर्बियातल्या क्रालयेवोच्या गॅरेजात माझ्या गाडीला अजून वेळ होता. शेजारी 'फिचा' नावाच्या एका जुन्या, छोट्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीपाशी मेकॅनिक एका म्हातारीशी बोलत होता.

"काकू, थरथर कधी सुरू होते?"

"साठच्या पुढे. आमचे हे म्हणतात, मी आत बसले की होते. म्हणून अकरा वर्षं कुळाच्या संताच्या सणाला मी गावी बसने जाते आणि कोबीच्या पानांत भात भरलेल्या सार्म्याचं पातेलं गाडीतून. आजही तसंच ठरलंय."

"पातेलं असताना नाही थरथरत?"

"थरथरते की! मग म्हणतात, भात जास्त भरलास."

"बेअरिंग तर ठीक आहे. आता चाक फिरवून खडू धरतो. बघा, रेघ एकाच जागी उमटली. रिम वाकलीय. डावीकडची, चालवणाऱ्याच्या पुढची."

"माझ्या बाजूची नाही?"

"छे हो. फुटपाथवर चढवली असणार कधीतरी. दुसरी रिम आहे, पंधरा मिनिटांत बसवतो. काकांना बोलावू? समोर कॉफी पितायत."

"पिऊ देत. तू रिम बसव आणि किल्ली माझ्याकडे दे. लायसन्स मलाही आहे."

"आणि काका?"

"सव्वापाचची गावची बस आहे. उभं राहून जावं लागतं, पण त्यांना सांग, ती थरथरत नाही."