झाकणावरचं ‘नि’

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा आहे त्या आमच्या मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे असलेले माझे सोबती,

मी डासखोलीतला माणूस. बावीस वर्षं डासांना जेवू घातलं आणि त्यांचीच पोटं फाडली. देवासमोर हात जोडतो तेव्हा दोन्ही गोष्टी सांगतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. तापाचा विषाणू रक्तासोबत डासाच्या मादीच्या आतड्यात उतरतो. आपल्याला आडवं करणारा हा विषाणू ती मजेत अंगावर वागवते. पण आत सगळं शांत नसतं. काही जनुकं जागी होतात, काही आपला आवाज खाली आणतात. आमच्या एका वाणाच्या माद्या तर विषाणूला आतड्यातच अडवायच्या. कोणत्या जनुकाच्या जोरावर? मॅडमना एवढंच शोधायचं होतं. माझी भाची याच तापाने गेली, तेव्हापासून तो प्रश्न माझाही झाला.

त्यासाठी दोन तऱ्हेची आतडी लागतात. विषाणू मिसळलेलं रक्त प्यायलेल्यांची आणि साधं रक्त प्यायलेल्या निरोगी माद्यांची. दुसरी नसतील, तर पहिलीत काय वाढलं हे कशावरून म्हणणार? तीन वर्षं मी ती सुईच्या टोकाने काढली. नळीचं झाकण शर्टाच्या बटणाएवढं, त्यावर अख्खा शब्द मावत नाही. निरोगी म्हणून मी ‘नि’ लिहायचो. खालच्या कप्प्यातल्या निकामी नळ्यांवरही ‘नि’च. मला कळायचं ना! मॅडम म्हणायच्या, तुमचं लिहिलेलं तुम्हाला आणि देवालाच कळतं.

उन्हाळ्यात डासखोलीचं यंत्र बंद पडलं आणि तो वाणच संपला. उरल्या फ्रीजरमधल्या नळ्या. गेल्या महिन्यात मी बहिणीकडे होतो. मॅडमचा फोन आला. आवराआवर चालली आहे, ‘नि’चा डबा टाकायचा ना? माझ्या डोळ्यांसमोर खालचा कप्पा.

“टाका की, बिनधास्त,” मी म्हणालो.

परतलो तेव्हा नळ्या भट्टीत जाऊन आल्या होत्या. वरच्या कप्प्यातल्या, निरोगी.

चौकशी झाली. मॅडमनी स्वतःच्या नावावर लिहून दिलं, डबा त्यांच्याच हातून चुकून गेला. फोनचा उल्लेखच नाही. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तर चष्मा पुसत म्हणाल्या, “अहो, तुम्हाला अजून दहा वर्षं काढायचीत. मला तीन आठवडे. गप्प बसा.”

मी गप्प बसलो.

साहेब म्हणतात, नवे डास आणू. आणूच. पण तो वाण आता नाही, आणि उद्यापासून मॅडमही नाहीत. विषाणूवाल्या नळ्या तेवढ्या जागेवर आहेत. रोज फ्रीजर उघडतो, त्या दिसतात. त्यांना विचारणार तरी काय?

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. ‘टाका’ मी म्हणालो होतो, हे मात्र साहेबांनी कागदावर घ्यावं. त्याची क्षमा मॅडमकडे मागितली, तर त्या लगेच देतील. म्हणून तर मला ती मागवत नाही.