मागच्या खोलीत आलं काय?

विणकर संस्थेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या सरपंच ताई, आजचे सत्कारमूर्ती इश्वरभाऊ आणि मंडईच्या जत्रेला जमावं तसे जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

इश्वरभाऊ उद्या मुलाकडे रायपूरला चालले. गावातली कोणती टीव्हीची छत्री त्यांच्या हातची नाही, सांगा? आता गुडघ्यांपायी शिडी बंद, दुकानही बंद. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मला उभं केलंय. बोलतो, पण माझा जीव थाऱ्यावर नाही, हे आधीच सांगतो.

आमच्याकडे छत्री लावायची म्हणजे इश्वरभाऊ वर, मी अंगणात आणि आमची विमला टीव्हीपुढे. वरून हाक यायची, "आलं काय, वहिनी?" ती आतून ठणकवायची, "आलं! अरे, गेलं! काहून हलवून राहिले?" हसता काय, तुमच्याही घरी हेच चालतं.

लकवा मारल्यापासून विमला मागच्या खोलीत पडून आहे. वाचा गेली. पुढच्या खोलीत माग आहे, तिथं खाट मावत नाही. म्हणून भाऊंनी मागं वायर ओढून दुसरा टीव्ही लावून दिला. एकदा वीज गेली, परत आली, पडद्यावर भजन सुरू झालं आणि आतून आवाज आला, "आलं." विमलाचा! हातातला मागाचा धोटा टाकून मी धावलो.

त्याच आठवड्यात आमच्या सुनेनं, मोनिकानं, रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी छत्रीच्या दांडीवर वाळत घातल्या. तिला काय बोल लावू? विणकराच्या घरी एखादी दांडी रिकामी राहते का? छत्री वाकली. तेव्हापासून पुढं कसंबसं चित्र येतं, पण मागं लांब वायरीत जोर पुरत नाही, नुसता निळा पडदा. साकोलीहून माणूस आणला. तो म्हणाला, "पुढं दिसून राहिलं ना, मंग झालं." झालं कसं? त्यानंतर विमला एक अक्षर बोललेली नाही हो!

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी नका पाठवू, आटोपतोच. इश्वरभाऊ, ही शाल घ्या, हा नारळ घ्या आणि हात जोडतो, आत्ता माझ्या घरी चला. शिडीवर मी चढतो. तुम्ही अंगणातून फक्त हातानं दाखवा, किती वळवू ते.

सत्काराच्या दिवशी आपलंच रडगाणं गायलो, मंडळींनी पदरात घ्यावं. ऐकून घेतलंत, उपकार झाले. आता एकच मागणं. मी वरून विचारीन, "आलं काय?" तेव्हा मोनिका, तू उत्तर देऊ नको. भाऊ, तुम्हीही नको. तिला देऊ द्या.