लाट केशोरीले पोचली

केशोरीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नीतू आणि गजेंद्र, घरी न सांगता कोर्ट मॅरेज करून, हार घालूनच बसले होते.

"गजेंद्र, हार काढ ना, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. तू आयक, नीतू. दोन ब्लॅक होल एकमेकाभोवती फिरत फिरत एक झाले. तीन सूर्यांएवढं वजन नुसत्या गुरुत्वाच्या लाटांत उडालं. त्या लाटांच्या थरथरीवरूनच समजलं, दोघं किती भारी होते."

"लाट इथं किती दिवसानं पोचली?"

"शंभर कोटी वर्षांच्या वर लागले."

"मंग आपली खबर तुह्या घरी पोचाले टाईम आहे!"

"थांब, आईचा फोन आहे... हो आई... हो..."

"काय म्हणते?"

"आरतीचं ताट घेऊन सारं गाव तलावाच्या पाळीवर उभं आहे. विचारते, बस काऊन एवढी हळू येऊन राहिली?"