मुक्या गाडीवरचा म्हतारा

...अन् चाय? चाय नाई! तुमाले सांगतो, बेचाळीस वर्सात असं झालं नव्हतं. वावरातून आलो, ओसरीवर बसलो, टोपी खुटीले टांगली, हात पुढं केला... अन् हात तसाच! कप नाई, बशी नाई, आत गॅस पेटवेल नाई. माही बायको रंगूबाई बाहेर आली अन् मले पाहून दचकली. आपल्याच नवऱ्याले पाहून! म्हणे, "अवो माय! तुमी कवा आले?" म्हणलं, "आत्ता." म्हणे, "मंग आवाज काहून नाई आला?"

आवाज नाई ना बाप्पा त्या गाडीले!

मी जास्त बोलनारा माणूस नाई. चौथी शिकलो, तेही अर्धी. जे बोलाचं ते दोन शब्दात बोलतो अन् उठतो. पण ही गोष्ट दोन शब्दात बसत नाई, म्हणून सांगून राह्यलो. ऐका.

आमच्यात एक रीत हाय. घरात लेकीसुना असते, बाया मोकळ्या बसेल असते, म्हणून मोठ्या माणसानं दारात खाकराचं अन् मंगच आत पाय टाकाचा. माहा आजा खाकरे. माहा बाप असा खाकरे का गोठ्यातले बैल उभे राहत. मले कधी खाकरा लागलंच नाई! माही जुनी मोटरसायकल होती ना, तेच माह्यासाठी खाकरे. नाल्यापाशी ते फटफटली का घरी रंगूबाई चाय ठेवे. मी दारात अन् चाय कपात, एकाच टायमाले! सकाळी उलटं. नाल्यापलीकडं आवाज गेला का वावरात आमचा सालदार सोमला बिडी विझवे, निंदणाऱ्या बाया गप्प होत, अन् मी पोचेपर्यंत सगळ्याईच्या माना खाली अन् हात चालू. याले म्हणते वट! बेचाळीस वर्सं हे वट कमावली म्या. आता समजून राह्यलं, म्या नाई, सायलेन्सरनं कमावली.

त यंदा ते गाडी मेली. शेलूबाजारचा निजामुद्दीन मिस्तरी, त्यानंच तिले जलमभर सांभाळलं, त्यानं इंजिन खोललं, पाह्यलं, हात पुसले अन् म्हणे, "जगदेवभाऊ, अब इसको मिट्टी दे दो." दुकानातल्या सगळ्याईनं डोक्यावरच्या टोप्या काढल्या. घरचं माणूस गेल्यावानी!

इकडं माहे गुडघे गेलेले. वावर अडीच किलोमीटर. पांदण रस्ता, काळी माती, पाऊस आला का पायाले धोंड्याएवढा गोळा चिकटते. पुण्यावरून पोराचा फोन, "बाबा, आता वावर मक्त्यानं द्या अन् घरी बसा." घरी बसा! म्हंजे माह्या वावरात दुसऱ्यानं पेरावं अन् मी इथी ओसरीवर माशा माराव्या? म्हणलं, "ठेव फोन."

मंग आमची नात उठली, संस्कृती. वाशिमले आयटीआयले इलेक्ट्रिशियन शिकते. कोणा शर्यतवाल्याची जुनी डर्ट बाईक घेऊन आली, अन् तेही बॅटरीवरची. चिखलात, दगडात उडवाची गाडी ते. उंच एवढी का बसाले शिडी पायजे. टायरले ढोराच्या दातायेवढे गोटे. म्हणे, "आबाजी, तो माणूस आठ दिवस थांबन. आठ दिवस चालवा. जमली त ठेवू, नाई जमली त वापस."

अन् वापस गेली म्हंजे? म्हंजे वावर मक्त्यानं. ते तिनं नाई सांगलं. सांगा लागत नाई.

पहिल्या दिवशी बसलो. किल्ली फिरवली. काहीच नाई! उजवा पाय आपोआप किक शोधून राह्यला, हवेतच लाथा. डावा पाय गेर शोधून राह्यला. म्हणलं, सुरूच नाई झाली बॉ, जरा रेस करून पाहावं... अन् दिला कान पिळून! तुमाले सांगतो, गाडी सुरू होती! मी सिद्धा कुटाराच्या, म्हंजे भुशाच्या ढिगात. टोपी बाहेर, मी आत. संस्कृती धावत आली, "आबाजी, सुरूच होती ते!" म्हणलं, "मंग सांगाचं नाई का तिनं?"

आवाज नाई ना बाप्पा त्या गाडीले!

मंग पोरीनं अन् निजामुद्दीननं मिळून तिले माह्या मापाची केली. सीटचा फोम कापला. मागचं दातेरी चाक मोठं टाकलं, म्हंजे पळणं कमी अन् ओढणं जास्त, जसा नांगराचा बैल. समोरचं मडगार्ड चार बोटं वर घेतलं, कारण काळी माती त्याच्यात ठासून बसते अन् चाकच फिरू देत नाई, हे पुण्यामुंबईच्या शर्यतवाल्याले काय मालूम? टायरची हवा कमी केली. निजामुद्दीन सगळं करे, पण तोंड पाडून. बॅटरीपाशी कान लावे, डॉक्टर लावते तसा. म्हणे, "ना प्लग, ना कार्बोरेटर, ना तेल. बेटा, ये बीमार कब पडेगी?" संस्कृती म्हणे, "चाचा, चेनले तेल लागते ना." तवा कुठं त्याचं तोंड उजळलं. तवापासून मी गेलो का चेनले तेल. लागो का न लागो.

अन् घरी रंगूबाईचं वेगळंच! बॅटरी चार्जिंगले ओसरीवर आणली का तिच्याखाली पाट मांडते. पाट! मी बेचाळीस वर्सं सतरंजीवर जेवून राह्यलो. संध्याकाळी आतून इचारते, "जेवली का व गाडी?"

वावरात गेलो त सोयाबीनमंधी रोही उभं, नीलगाय म्हणते ना तुमी, ते. भलं थोरलं, घोड्यायेवढं. जुन्या गाडीच्या आवाजानंच ते नाल्यापल्याड पळे. आता? माह्यापासून दहा पावलं, मजेत चरून राह्यलं. मान वर करून माह्याकडं पाह्यलं, अन् परत चराले लागलं! जसं म्हणून राह्यलं, आले कोणी पाव्हणे, येऊ द्या! मी उभा राह्यलो, छाती भरली अन् खाकरलो. बापासारखा. तवा पळालं. सत्तर वर्साच्या वयात पहिल्यांदा खाकरलो, तेही रोह्यासाठी.

आता खरी गोष्ट. सातवा दिवस. पांदणीनं चूपचाप गेलो, धुऱ्यापाशी, बांधावर उतरलो. समोर तूर डोक्यायेवढी. अन् पलीकडून माहाच आवाज! मी इकडं, अन् माहा आवाज तिकडं! "ए, हात चालवा! तोंड नोका चालवू! म्या काय पाहाले बसलो का इथी?" सोमला! टोपी तिरपी करून, कमरीवर हात ठेवून, गुडघा लंगडवत, हुबेहूब मी! अन् निंदणाऱ्या बाया पोट धरधरून हासून राह्यल्या. त्यातली धम्मदीपा म्हणे, "सोमलादादा, ते थुकते कसे ते दाखव ना!" अन् त्यानं दाखवलं. बरोबर दाखवलं! मले राग आला? आला. पण पाह्यलं त ओळी निंदून झाल्या होत्या, अन् गवताची काडी नाई. मी असलो का एवढं होत नाई. हे जास्त झोंबलं.

मी तसाच फिरलो. कोणाले दिसलो नाई, कोणाले ऐकू आलो नाई. रस्ताभर मनात ठरवलं. वापस! उद्या आठवा दिवस, गाडी वापस! वट जाते त वावर ठेवून काय करू? देऊन टाका मक्त्यानं, होऊन जाऊ द्या.

घरी आलो. भिंतीपाशी गाडी लावली. आत रंगूबाई फोनवर, पोराशी. मोठ्यानं बोलते ते, तिले वाटते पुणं दूर हाय.

"नाई, नाई, गाडी वापस नाई कराची. अरे, तुह्या बापाले वावरातून काढशीन त तो घरात बसन. तो घरात बसला त मले वावरात जा लागन!"

मी भिंतीले चिकटलो.

"अन् तुले काय सांगू. तो तोंड पाडून फिरते, गाडी आवडली म्हणत नाई. पण त्या दिवशी मी नाल्यावरून जळतण आणून राह्यली होती, त उतारावर पाह्यलं त्याले. दोन्ही पाय वर! पोट्ट्यासारखे दोन्ही पाय वर करून, टोपी हातात, अन् हासून राह्यला होता एकटाच. बेचाळीस वर्सात मी त्याले असं हासतानी पाह्यलं नाई. राहू दे त्याले वावरात. राहू दे ते गाडी."

आता सांगा! दोन्ही पाय वर केले होते, हे खरं. एकदा नाई, रोज करतो. गुडघ्याले बरं वाटते. पण कोणी पाह्यलं असन, हे मले काय मालूम? अन् आता आत कसं जाऊ? गेलो त समजन का ऐकलं. गाडी हलकी, तशीच ढकलत मांगं नेली, वळणावरून परत आलो, अन् दारात जोरात खाकरलो. रंगूबाई बाहेर. "आले का?" म्हणलं, "हो." संस्कृती म्हणे, "आबाजी, मंग? उद्या वापस?" म्हणलं, "राहू दे." "काहून?" म्हणलं, "चेन बरी हाय."

दुसऱ्या दिवशी आमच्या मेलेल्या लाखन बैलाची पितळी घंटी काढली, चिचेनं घासली अन् हँडलले बांधली. झालं! नाल्यापासून टणटण. सोमला बिडी विझवते, बाया गप्प, वट वापस.

पण तुमाले सांगतो... करमेना. माहा आवाज ऐकू येईना, लोकाईच्या तोंडून. आता आपल्यामांगं काय बोलत असन? सोमला माहं थुकणं बरोबर दाखवते का नाई? म्हणून काल काय केलं, वळणापर्यंत टणटण येऊ दिली अन् तिथी मुठीत घंटी धरली. घट्ट. गाडी चूप, घंटी चूप, मी चूप. हळूच भिंतीपाशी आलो. कान लावला.

आतून रंगूबाई म्हणे, "घंटी थांबली व संस्कृती. म्हतारा भिंतीमांगं येऊन उभा असन. चाय ठेव."

काय करता? खाकरलो अन् गेलो आत. चाय मात्र गरम होती.