ब्रदरचं हिरवं स्टिकर

...आणि वर मलाच विचारताय, "ब्रदर, दुखेल का हो?" अहो, दुखेल! थोडं दुखेल! एक दिवस दंड जड होईल, दुसऱ्या दिवशी विसरून जाल, दोन सेकंदांचं काम आहे! नाही, मागच्या दाराकडे बघू नका, ते मेट्रनबाईंनी लावून घेतलंय आणि किल्ली त्यांच्या खिशात आहे. फ्लूची लस टोचायच्या आधी अख्ख्या रांगेने माझं ऐकायचं, अशी शिक्षा आहे. तुम्हाला नाही हो, मला! यंदापासून दरवर्षी सांगायचं, असं लेखी दिलंय त्यांनी.

तर जे नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी पुरुषांच्या वॉर्डातला ब्रदर. एकोणीस वर्षं झाली, नाव कुणाला आठवत नाही, घरी बायकोसुद्धा आतून हाक मारते, "ब्रदर, दूध उतू जातंय!" आणि स्टाफला फ्लूची लस द्यायचं काम माझ्याकडे. मोसम सुरू व्हायच्या आधी वरून परिपत्रक येतं, ते मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवा, म्हणून दाखवतो! रुग्णाच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी, मग तो डॉक्टर असो, झाडणारा असो की नुसते कागद लिहिणारा असो. दरवर्षी घ्यावी, कारण फ्लूचा विषाणू दरवर्षी कपडे बदलून येतो... हे कपड्यांचं माझं, परिपत्रकात नाही. लशीमुळे फ्लू होत नाही. टोचल्यावर अंगात तिचा जोर यायला दोन आठवडे लागतात. आणि ताप-खोकला असेल तर घरी बसावं, कामावर येऊन शूरपणा दाखवू नये. हे शेवटचं वाक्य तर मी दोनदा म्हणायचो, आवाज चढवून!

आणि कारणं? कारणं ऐकावीत तर आमच्या लोकांची! सर्जनसाहेब म्हणाले, "ब्रदर, मला तीस वर्षांत सर्दी झालेली नाही." म्हटलं, साहेब, तुम्हाला होणार नाही हो, तुम्ही ज्याचं पोट उघडताय त्याला होईल! हसू नका साहेब, तुम्ही पुढे उभे आहात, मला दिसताय. औषधांच्या खिडकीतले म्हणाले, "मागच्या वर्षी घेतली की!" म्हटलं, मागच्या वर्षी जेवलात, म्हणून यंदा उपाशी बसलात का? आणि झाडूवाल्या मावशी! मावशींनी चार दिवस हुलकावणी दिली. मी जिन्यात, तर मावशी लिफ्टमध्ये. मी लिफ्टमध्ये, तर मावशी गच्चीवर. शेवटी चादरींच्या कपाटामागे सापडल्या. "ब्रदर, माझ्या जावेनं घेतली आणि आठ दिवस आडवी पडली, मला नको रे बाबा!" तिथे जमिनीवर बसून पाऊण तास समजावलं. मावशी, दोन सेकंदांचं काम आहे! घेतली त्यांनी. डोळे घट्ट मिटून, माझा हात धरून घेतली.

आता स्टिकरचं सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं. लस घेतली की ओळखपत्रावर हिरवं गोल स्टिकर. ज्याच्याकडे स्टिकर नाही, त्याने मोसमभर वॉर्डात मास्क लावायचा. साधा नियम. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी लोकांना दाखवायला म्हणून मी एक स्टिकर काढलं आणि माझ्याच ओळखपत्रावर लावलं. "हे बघा, असं लावायचं!" यादी सुरू करायची होती, पहिलं नाव माझं, आता पहिल्याच नावापुढे मोकळी जागा बरी दिसते का? केली बरोबरची खूण. म्हटलं, संध्याकाळी घेऊ. संध्याकाळी गर्दी. म्हटलं, उद्या घेऊ. उद्या मावशींच्या मागे जिने चढत होतो...

तुम्ही म्हणाल, ब्रदर, भीती वाटली का? नाही हो! लशीवर विश्वास नव्हता का? अहो, मीच तर सांगत फिरत होतो! मावशींकडे निदान एक जाऊ होती. माझ्याकडे कारणसुद्धा नव्हतं! दोन सेकंदांचं काम होतं, आणि मी ते केलं नाही. बस्स. एवढंच.

आणि त्या वर्षी आपला वॉर्ड शंभर टक्के! मोठ्या साहेबांनी हस्तांदोलन केलं, फोटो काढला, चौकटीत घालून तो जिन्याजवळ लावला. फोटोत मी हसतोय आणि छातीवर ते हिरवं स्टिकर. रोज त्याच्या खालून जायचो, मान जराशी बाजूला करून.

मग दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी घशात खवखवलं. म्हटलं, धूळ असेल. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. म्हटलं, चादरी उचलल्या ना काल. आणि आलो की कामावर! मास्क? मास्क कशाला, छातीवर स्टिकर आहे ना!

चार नंबरच्या खाटेवर मास्तर होते. निवृत्त मास्तर, गणिताचे, फुप्फुसं आधीच दमलेली, तीन आठवड्यांनी जरा कुठे माणसात आले होते. गुरुवारी घरी जायचे होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, बुटांना पॉलिश करून जोड खाटेखाली ठेवला होता, सोमवारपासूनच! आणि मास्तरांचं न् माझं रोजचं शब्दकोडं. मी मागून त्यांच्या खांद्यावर वाकायचो आणि उत्तर कानात सांगायचो. कानात! मोठ्याने सांगितलं तर पाच नंबरवाला चोरतो म्हणून! त्या दिवशी अकरा शब्द सांगितले. मोजलेत मी नंतर.

बुधवारी मला सणकून ताप, मी घरी. गुरुवारी मास्तरांना ताप, आणि ते घरी जायच्या ऐवजी अतिदक्षता विभागात. नऊ दिवस. बूट खाटेखालीच.

मग चौकशी झाली. संसर्गाचं बघणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी यादी उघडली, वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "स्टाफ शंभर टक्के. म्हणजे बहुतेक बाहेरून आलं. भेटायला रोज कोण येतं?" आणि काकूंनी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, हळूच. "मी येते. बसने येते. बसमध्ये कुणीतरी शिंकत होतं." मी दोनच दिवसांपूर्वी कामावर परतलो होतो, तिथेच उभा होतो, तापमापी झटकत. झटकत राहिलो. पारा केव्हाच खाली गेला होता!

आता खरं सांगायचं, तर कुणाकडून कुणाला लागलं हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. लस घेतली असती तरी मला झाला नसताच असंही नाही. हे डॉक्टरबाईंनी मला नंतर समजावलं, आणि मी ते रात्रंदिवस घोकलं. पण काकूंनी कुठे घोकलं? त्या काचेबाहेर बसायच्या. आत सोडत असूनही आत जायच्या नाहीत. लांबून हात हलवायच्या. आणि एक दिवस माझ्या हातात संत्र्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "ब्रदर, आमच्यामुळे तुम्हालाही झालं हो. माफ करा."

माफ करा! मला!

आणि मी काय केलं असेल? संत्री खाल्ली! सहाच्या सहा! बायको म्हणाली, "गोड आहेत का?" मी म्हटलं, "हो," आणि मोरीत जाऊन रडलो.

मास्तर वाचले. आधी ते सांगायला हवं होतं, तुमच्यातल्या दोघांनी डोळे पुसले, सॉरी. वाचले, घरी गेले. मी चौकशी करायला गेलो, तर मास्तर एका खोलीत आणि काकू दुसऱ्या खोलीत, तोंडावर दोन-दोन मास्क! ताट दाराशी ठेवायच्या न् मागे सरायच्या. मास्तर आतून ओरडले, "ब्रदर, हिला सांगा हो, चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आता मला आरशाशी बोलायला लावते!"

तेव्हा सांगून टाकलं. दारातच, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. स्टिकरचं सांगितलं, यादीतली खूण सांगितली, घशाचं, अकरा शब्दांचं. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी दोन्ही मास्क काढले, घडी केली, आणि म्हणाल्या, "मावशींना तुम्ही समजावत होतात ना, तेव्हा हे पहिल्यांदा इथे दाखल होते, मी तिथेच चादर बदलून घ्यायला आले होते. काय म्हणत होतात हो तुम्ही? दोन सेकंदांचं..." आत गेल्या आणि मास्तरांच्या खाटेवर जाऊन बसल्या. मला कुणी बस म्हणालं नाही. मीही बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंकडे जाऊन सगळं लिहून दिलं. फोटो उतरला. आणि मी काकूंना विचारलं, काय करू म्हणजे तुम्ही मला माफ कराल? त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी मला डोळ्यांनी बघायचंय."

म्हणून आज पहिल्या खुर्चीवर त्या बसल्यात. हो, त्याच, चष्मा लावून, मांडीवर परिपत्रक घेतलेल्या. तर आता मी बाही वर करतो. मेट्रनबाई, या. नाही, मी तिकडे बघत नाही, तुम्ही... झालं? झालं?! अहो, हे तर दोन सेकंदसुद्धा...

बरं. काकू, झालं बघा. द्या आता ते हिरवं स्टिकर, मेट्रनबाईंनी गुंडाळी तुमच्याकडे दिलीय ना... काय? कुठे लिहिलंय? हो, आहे. चौथ्या ओळीत. हो, मीच सांगितलं मघाशी, जोर यायला दोन आठवडे लागतात...

बरोबर आहे. पंधरा दिवसांनी येतो. पुढचा कोण आहे? या, सर्जनसाहेब. आणि मावशी, मला तो एक मास्क द्या.