बिब्ब्याच्या चार पुड्या

मंडळी, एक सांगा — औषध कुठं संपतं आणि विष कुठं सुरू होतं? गप्प का? मगाशी प्रसादाच्या वेळी तर किती बोलत होतात!

ग्रीस देशात एक फार जुना शब्द आहे — फार्माकॉन. म्हणजे औषध! आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ? विष! मला वाटलं, तिथल्या पंडितांना शब्द कमी पडले असतील. पण द्वारकाबाईंचं ऐका.

बाईंचे गुडघे धरलेले. आणि लेकीची, कुमुदची, पहिली मंगळागौर चार दिवसांवर, माहेरीच! पोरी झिम्मा-फुगडी खेळणार — आणि आईनं भिंतीला टेकून बघायचं? छे! गेल्या नागेशवैद्यांकडे. त्यांनी शुद्ध केलेल्या बिब्ब्याच्या चार पुड्या दिल्या. "रोज एकच, तुपातून. समजलं?"

"समजलं की!"

सकाळी पहिली घेतली, दुपारी जरा मोकळं वाटलं. बाईंच्या मनात आलं — एकीनं एवढं, मग उरलेल्या तिन्हींनी? आणि गिळल्या हो तिन्ही!

संध्याकाळी बिब्बा उतला! तोंड सुजलं, अंगभर फोड, नुसती आग आग! सणासाठी आधीच माहेरी आलेली कुमुद धावत वैद्यांकडे — "तुम्ही आईला विष दिलंत!"

"विषच दिलं होतं, बाळ. औषध होईल एवढंच!" वैद्य तसेच उठले, घरी आले. खोबरं चावायला लावलं, अंगाला खोबरेल चोपडायला सांगितलं.

वाचल्या! पण मंगळागौरीला बाई आतल्या खोलीत, तेलानं माखलेल्या. बाहेर झिम्मा रंगलेला. कुमुद खेळ सोडून आत आली, आईचा तेलकट हात धरून रडायलाच लागली. "टेकून बसली असतीस तरी चाललं असतं गं."

"तुझ्यासाठीच केलं ना!"

"तुझं सगळं माझ्यासाठीच असतं, आई. सासरी रोज तीन निरोप — हे खा, तसं बोल, सासूला असं सांग. खरं असतं गं सगळं. पण एवढं पचत नाही मला!"

माया अस्सल होती, मंडळी. मात्रा चुकली.

हसताय? काका, तुम्ही मुलाला जे सांगता ना, ते अगदी गुणकारी आहे, शंकाच नाही. पण आज सकाळपासून कितीदा सांगून झालंय? आठवा! आणि आठवेपर्यंत विठ्ठलाचं नाव घ्या — तेवढाच त्या पोराला आराम!