माझ्या मापाचा चंदेरी सूट

ते आवाज धरायचं यंत्र चालू हाय का बंद? न्हाई, आदी सांगा. बरं, चालू असू दे, पन माझं नाव घालू नका, गावाचं बी नको, तासगावाजवळचं एक गाव एवढंच लिवा. राग मानू नका ताई, तुमी सांगलीच्या विश्रामबागंतनं कॉलेजाच्या कामाला एवढ्या लांब आलाय, चांगल्या घरच्या दिसताय, पन माझा सभावच तसा. कुनी गोड बोलाय लागलं की मी आदी त्येच्या हाताकडं बगते, हातात काय हाय म्हनून.

माझं म्हायेर शिरवळकडचं, खंडाळा तालुका. वडील पलटनीत हुते. सोळाव्या वर्साला माझी सोयरीक हिकडं जमली. जमवनाऱ्यानं सांगितलं घरची विहीर हाय. वडलांनी इचारलं, पानी? तो म्हनला, आवं विहीर हाय की. लगीन हून आले तर विहीर हुती, चांगली पायऱ्या-बियऱ्यांची, आन तळाला शेरडं सावलीत बसल्याली. तवापासनं मला कुनी काय बी सांगितलं तरी माझं एकच इचारनं असतंय, त्यात पानी हाय का?

घरात आमी तिघंच. सासू आदीच गेल्याली. आमचं मालक पलटनीत, वर्साला दोन म्हैने रजा, बाकी मी, माझा ल्हान पोरगा आन मामंजी. मामंजी म्हंजी माझं सासरं. काय सांगू तुमास्नी, त्यांनी अकरा वर्सांत मला एकदा बी हाक मारली न्हाई. पानी पायजे असलं तर सोप्यातल्या खांबाला सांगायचे, पानी असंल तर बगा. जेवान झालं का, हे बी खांबालाच. मी बी त्यांच्या काठीचा आवाज आला की पदर डोस्क्यावर आन तोंड भितीकडं. मालकास्नी पत्र लिवायचं तर मामंजी खांबाला मजकूर सांगायचे, आन मी चुलीपाशी बसून लिवायचे, सातवी झाल्याली ना मी. तर असलं घर. मारझोड न्हाई, शिवी न्हाई, पन मानूस मनात काय धरून हाय ते कळायची सोय न्हाई. आन मला तर कळाय लागतं.

काम म्हनाल तर द्राक्षाच्या दिसांत मी बेदान्याच्या शेडवर जायचे, जाळीवर द्राक्षं पसरायची, वाळल्यावर बेदाना निवडायचा. आन बाकीचं दिस शिलाई. मालकांनी मशीन घेऊन दिल्यालं. गावातल्या बायकांची चोळी-पोलकी सगळी माझ्याकडंच.

आता ते सिनेमाचं. हायस्कूलला एक सायन्सचं मास्तर आलं हुतं, सांगलीचं, बारीक, चष्मा, सदऱ्याचं बटान कवा नीट लावल्यालं न्हाई. त्यास्नी एका विंग्रजी पिक्चरचं खूळ. दुसऱ्या गोलावरचा मानूस यानात बसून हिकडं उतरतो असलं कायतरी, ते म्हनं त्यांनी सात येळा बगितल्यालं. आन मग डोस्क्यात घेतलं की आपन बी तसलंच काढायचं, पन तो मानूस आपल्या गावात उतरवायचा. फोटोवाल्या दोस्ताकडनं एक ल्हान क्यामेरा आनला, किल्ली देऊन चालनारा, आवाज न्हाई, नुसतं चित्र. यान कुठलं? तर बेदान्याचं शेड, मे म्हैन्यात मोकळंच असतंय, आतल्या जाळ्यांना चंदेरी कागद लावला की झालं यान.

मास्तरांच्या बायकोला आमी वयनी म्हनायचो. त्या पोटुशा हुत्या, सभाव लय मोकळा. त्या माझ्याकडं आल्या, म्हनल्या, एक सूट शिवून द्या. चहाच्या पेटीत आत जो चंदेरी पत्रा असतो बगा, कागदागत, तो मांजरपाटावर टाचून शिवायचा. मी इचारलं, माप कुनाचं? म्हनल्या, आमचं हेच घालनार, ते काय लय मोठं न्हाईत, तुमच्याच मापानं शिवा. मी शिवला. लय तरास झाला, सुई घातली की तो पत्रा फाटायचा. डोस्क्याला अलमिनचं पातेलं, त्याला म्होरं खिडकी कापल्याली, आन त्या खिडकीला डॉक्टरकडली एक्सरेची काळी फिल्म. आतनं भाईरचं दिसायचं, भाईरनं आतलं न्हाई. पाठीवर द्राक्षाला फवारा मारायचा पंप.

सगळं झालं आन मग मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपन आत गेलो तर क्यामेरा कोन धरनार? एवढा शिकल्याला मानूस! वयनी म्हनल्या, तुमीच घाला आता, तुमच्याच मापाचा हाय. मी म्हनलं, खुळ्या हाय का, मामंजी जीव घेतील. त्या म्हनल्या, देवाशपथ कुनाला कळनार न्हाई, मी संगट असते. मला लगीच शंका आली, की माप माझं घ्याय सांगितलं ते ह्येच्यासाठीच असनार, आदीपासनं ठरवून. आज बी तसंच वाटतंय.

तरी मी घातला. का घातला म्हनाल, तर शेडमंदी एकदा नुसता घालून बगितला आन चार पावलं चालले. पायात लुगड्याचा घोळ न्हाई. डोस्क्यावर पदर सावरायचा न्हाई. ताई, आमच्या गावात सुना पारावरनं जात नव्हत्या. पारावर बापय मानसं बसल्याली, म्हनून आमी मागच्या बोळानं, काट्याकुट्यातनं जायचं, सरळ वाट असून. आन त्या दिवशी भर दुपारचं मी पारासमोरनं गेले, मधनं, ढांगा टाकत. बापय उठून उभं ऱ्हायलं. कोन म्हनलं सांगलीचं कॉलेजाचं पोरगं हाय, कोन म्हनलं सरकारचा मानूस हाय, जमीन मोजाय आलाय. आन मी आतनं बगत हुते. त्या एक्सरेत कुना मानसाच्या बरगड्या हुत्या, त्या बरगड्यांतनं मी आख्खं गाव बगितलं. आत घामानं आंगूळ झाली, पन खरं सांगते, लगीन झाल्यापासनं एवढी खुशीत मी कवाच नव्हते.

मास्तरांची गोष्ट अशी, की त्या मानसाच्या गोलावरचं पानी सपल्यालं असतंय, तो पानी हुडकत आपल्या गावात येतो, विहिरीपतोर जातो, तीत बी न्हाई, मग माघारी जातो. विहीर आमचीच घेतली, कोरडी ना ती. मी बोळातनं विहिरीकडं निघाले, मास्तर क्यामेरा घेऊन म्होरं उलटं चालत्यात, आन माझ्या मागनं की म्होरनं कुठनं तरी मामंजी आलं. काठी टेकत. ते थांबलं, माझ्याकडं बगितलं, त्या पातेल्याकडं बगितलं, आन निघून गेलं. मला वाटलं, सुटले.

मग आखाडात ते स्कायलॅबचं आलं. आमेरिकेचं यंत्र आभाळातनं पडनार, कुठं पडंल न्हेम न्हाई. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच हाय तर म्हनून. ते दुसरीकडंच कुठं पडलं, पन आमच्याकडं लोकांस्नी मास्तरवर वहीम. ह्येनं मे म्हैन्यात आभाळातला मानूस काढला, आन आखाडात आभाळातनं यंत्र पडतंय, म्हंजी ह्याला आदीच ठावं हुतं.

अशात गणपतीत मास्तरांनी सिनेमा दावायचा ठरवला. शाळंच्या मोठ्या खोलीत, दुपारी, खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केल्याला. फुकट. फुकट म्हनल्यावर लोकं आनखीच बिचकली. दोन-तीन वर्सांमागं नसबंदीच्या टायमाला गाडी यायची, पडदा लावून पिक्चर दावायची, आन पिक्चर सपला की नावं लिवून घ्यायची. म्हनून सगळं बापय दाराजवळ बसलं, पायतानं हातात धरून, कवा पळाय लागंल सांगता येत न्हाई म्हनून. बायका भितीकडंला. मी त्यांच्यात, पदर नाकापतोर.

चालू झालं. मास्तर पडद्याशेजारी हुबं ऱ्हाऊन बोलत्यात, हा आता अमक्या गोलावरनं आला. मागनं एकजन म्हनतो, मास्तर, ते आमच्या फवाऱ्याचं पंप हाय. दुसरा म्हनतो, एवढ्या लांबनं आला आन पानी हुडकाय आमच्याच गावात? किस्ना काय आटली का? म्हातारं एक उठून इचारतंय, ह्यो आमच्या बागंत पडला तवा तुमी सरकारला का न्हाई कळवलं? मास्तर रडकुंडीला आलं. कुनाला गोष्ट खरी वाटंना, आन खोटी हाय हे बी कुनाला पटंना. हे असलं कशाला दावत्यात, ह्येच्यातनं ह्यास्नी काय मिळनार, एवढंच जो तो एकमेकाला इचारत हुता.

आन मग तो बोळ आला. पडद्यावर तो चंदेरी गडी चाललाय ढांगा टाकत. समोरनं मामंजी आलं काठी टेकत. आन त्या गड्यानं, आवं ताई, त्या गड्यानं हात वर नेला, पातेल्यावरनं फिरवला, आन नसल्याला पदर म्होरं वडला. वडला, आन भितीकडं तोंड करून हुबा ऱ्हायला.

मला ठाव सुदिक नव्हतं मी तसं केलं. आजपतोर आठवत न्हाई.

एक बाई वरडली, अगं बया, ह्यो पदर घेतोय! सगळी खोली हसली. आन मग हळूहळू हसनं बंद पडलं, कारन कळलं सगळ्यांस्नी. पदर घेतला म्हंजी बाई. आन कुनाला बगून घेतला? मामंजीस्नी बगून. पारावर पंदरा बापय हुतं, तवा न्हाई घेतला. आन मामंजीस्नी सुना किती? एकच. एकेक डोस्कं माझ्याकडं फिरलं. मी जमिनीकडं बगत बसले. मामंजी उठलं, दाराचं घोंगडं बाजूला सारलं, उजेड आत आला, पडद्यावरचं चित्र पुसट झालं. ते गेलं घरी.

मास्तरास्नी मी नंतर इचारलं, तुमी हे आदी बगितलं नव्हतं का? ते म्हनलं, बगितलं की, मला वाटलं तुमी त्या गोलावरचा नमस्कार केला, लय आवडला, म्हनून ठेवला. खरं का खोटं देव जानं. शेहरातल्या मानसाला एवढं कळंना व्हय?

मग चालू झालं. पोलकी शिवाय टाकनाऱ्या बायका येईनात. नळावर गेले की बोलनं बंद. मास्तरचं आन हिचं काय, असं मागनं ऐकू यायचं, वयनी माझ्या बाजूनं भांडल्या तर म्हनायचे हिला बी सामील करून घेतलंय. ते सगळं मी सोसलं असतं. पन मामंजी. रागं भरंनात, काय न्हाई. पानी असंल तर बगा, जेवान झालं असंल तर बगा, तसंच चालू. आन आठ दिसांनी धुतल्याली टोपी घालून, यस्टीत बसून तासगावला गेले. सांजच्याला पोस्टमननं सांगितलं, तुमचं मामंजी पोष्टाभाईर लिवनाऱ्याकडनं पत्र लिवून घेत हुते.

अकरा वर्सं त्यांचं पत्र मी लिवलं. आन आता जे लिवायचं ते मला लिवाय सांगता येत न्हाई, म्हंजी ते काय असनार? मी वळखलं. हिला टाक, असंच असनार. मी माझी दोन लुगडी, पोराचं कपडं एका गाठुड्यात बांदून ठेवलं. शिरवळला आईला काय सांगायचं तेवढं जुळवत बसायचे. महिनाभर मला अन्न गोड लागलं न्हाई ताई.

दिवाळीला मालक आले. पोराला खेळवलं, मामंजीसंगट बसले, जेवले. दोन दिस पत्राचं नाव न्हाई. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, पत्र काढलं आन माझ्या म्होरं टाकलं. म्हनले, वाच. मला ह्येचा अर्थ लागंना. आबा चिडल्यात का काय, तूच सांग.

ते मला तोंडपाठ हाय. लिवलं हुतं, तुझी बायको मास्तरच्या सिनेमात गेली, मला विचारलं नाही, ही तिची चूक. तोंड झाकलेलं होतं, कोणाला कळणार नव्हतं. तरी मी समोर आलो आणि तिनं डोईवर पदर घेतला. घरात घेते ती मी बघतो म्हणून घेते, अशी मला अकरा वर्षं शंका होती. ती आता गेली. गावातली माणसं तुला काहीबाही कळवतील, ती पत्रं फाडून टाक.

मी लय रडले. सुटले म्हनून रडले, खोटं कशाला बोलू. आन राग बी आला. म्हंजी अकरा वर्सं त्यांची भाकरी थापली, त्येच्यावर इस्वास न्हाई, आन बसला तो कशावर, तर एका हातावर. आन त्यास्नी काय ठावं, त्या घडीला मी पदर नव्हता म्हनूनच खुशीत हुते. हात आपला आपन गेला. तो मान नव्हता, ती सवय हुती. पन हे मी त्यास्नी कवाच सांगितलं न्हाई. ते जाईस्तवर त्यास्नी तसंच वाटू दिलं, ह्येला लबाडी म्हनायचं असलं तर म्हना.

मास्तरांची बदली झाली, ती फिल्म बी गेली त्यांच्यासंगट. मालक बी आता न्हाईत. मी, पोरगा आन सून. सून शिकल्याली हाय, तासगावात नोकरी करती, गाडीवरनं येती-जाती. लगीन झालं त्येच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला सांगितलं, माझ्या म्होरं पदर घ्यायचा न्हाई. ती म्हनली बरं. आन कवाच घेतला न्हाई. मीच सांगितल्यालं, माझ्याच जिवाला ते बरं वाटायचं. पन ती चहा ठेवून पाठमोरी गेली की मी बगत बसते, हिच्या मनात माझ्याबद्दल काय असंल? कसं कळायचं ते? इचारलं तर गोड बोलती, आन गोड बोललं की माझं काय हुतं ते तुमास्नी सांगितलंच.

चांगली हाय पोर. हसती, पोराशी भांडती, मोठ्यानं बोलती. सुखी ऱ्हाऊ दे, तुमी बी सुखी ऱ्हावा. जाताना तिच्या हातचा चहा घेऊन जावा, पन तिला ह्येतलं काय इचारू नका.